काटा जागचा हलत नाही तेव्हा

२००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा होता: २२.३. क्ष-किरणांनी चरबी मोजणाऱ्या डेक्सा यंत्राने मोजल्यावर मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर 'वाय', म्हणून या प्रकाराला 'वाय-वाय विरोधाभास' असं नाव पडलं. सोबतच्या छोट्या मजकुरात कारणांचा अंदाजही होता. युडकिन जमेल तेव्हा मॅरेथॉन धावतात. याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं.

या फोटोची चर्चा पुष्कळ झाली, पण बहुतेक 'भारतीय शरीर असं का' या अंगाने. मला त्यातून दुसरा प्रश्न पडत आला आहे. एकाच माणसाचं शरीर याज्ञिकांच्या बाजूकडून युडकिनांच्या बाजूकडे सरकू शकतं का, तेही वजनकाटा जागचा न हलता? सरकत असेल तर कोणाचं, किती, किती दिवसांत? ते सरकलं हे घरात बसून कळणार कसं? आणि काटा हलत नाही म्हणून रोजचं चालणं, व्यायाम निम्म्यावर सोडून देणाऱ्या हजारो माणसांना त्यात काही आशा आहे का?

आपला काट्यावरचा विश्वास जुना आहे. मुंबईच्या स्टेशनांवर दिव्यांची उघडझाप करणारी वजनाची यंत्रं असायची. नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट खाली पडायचं, त्यावर वजन आणि त्याच तिकिटावर भविष्य. लहानपणी त्यात काही खटकलं नाही. वजन आणि भविष्य एकाच पुठ्ठ्यावर छापता येतं हे आपण सगळ्यांनीच मान्य केलं होतं, आणि डॉक्टरांच्या खोलीतला काटाही बराच काळ तेच करत आला.

बीएमआयची जन्मकथा इथे थोडी सांगायला हवी. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचं हे सूत्र बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अदॉल्फ केतले यांनी १८३०च्या दशकात मांडलं. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कोणाच्या तब्येतीशी त्यांचा संबंध नव्हता. अमेरिकेतले आहारशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवर ते सूत्र तपासलं आणि त्याला आजचं नाव दिलं. त्या तपासणीत एकही बाई नव्हती, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला हा आकडा स्वस्त आणि सोयीचा आहे. पण एका माणसाच्या कातडीखाली काय भरलं आहे, ते त्यातून दिसत नाही.

ते दिसत नाही हे कीज यांच्या तीस वर्षं आधीच सिद्ध झालं होतं. अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेहन्के यांनी १९४२ मध्ये २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंची मोजमापं घेतली. त्या काळच्या उंची-वजनाच्या तक्त्यांनुसार त्यांतले १७ जण लष्करी भरतीला अपात्र ठरण्याइतके 'जाडे' होते. बेहन्के यांनी घनतेचं तत्त्व वापरून माणसाचं पाण्याबाहेर आणि पाण्याखाली असं दोन्हीकडे वजन केलं. चरबीची घनता सुमारे ०.९, तर बाकीच्या शरीराची १.१ च्या आसपास, त्यामुळे जो पाण्यात अधिक बुडतो त्याच्यात चरबी कमी. ते खेळाडू बुडाले. त्यांचं जास्तीचं वजन स्नायूंचं होतं.

तेव्हापासून शास्त्राच्या दृष्टीने शरीराचं वजन ही एकच राशी उरली नाही, ती बेरीज झाली. चरबी एकीकडे आणि स्नायू, हाडं, अवयव, पाणी दुसरीकडे. बेरीज तीच राहून आतल्या रकमा बदलू शकतात.

या बदलाविषयी दोन गैरसमज इतके रुजले आहेत की ते आधी दूर करायला हवेत. पहिला, चरबीचे स्नायू होतात हा. असं होत नाही. चरबीत नायट्रोजन नसतो आणि स्नायूंची प्रथिनं नायट्रोजनाशिवाय बनत नाहीत. चरबी वितळते ती वेगळ्या वाटेने शरीराबाहेर पडते. ऑस्ट्रेलियाचे रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिचा हिशेब मांडला होता. दहा किलो चरबी जळली तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जातात आणि उरलेले १.६ किलो पाणी होतं. स्नायू बांधला जातो तो ताटातल्या प्रथिनांतून, व्यायामाने मागणी निर्माण केल्यावर. एकाच घरात एकीकडे माळा रिकामा होत असावा आणि दुसरीकडे भिंत बांधली जात असावी, तशी ही दोन कामं आहेत.

दुसरा गैरसमज त्या प्रसिद्ध चित्राचा आहे. एका हातात चरबीचा मोठा पिवळा गोळा, दुसऱ्या हातात स्नायूचा छोटासा लाल गोळा, दोन्ही एकेक किलोचे. चित्र खोटं नाही, पण फुगवलेलं असतं. एक किलो चरबीच्या ऊतींना साधारण १.१ लिटर जागा लागते आणि एक किलो स्नायूला ०.९४ लिटर. फरक चहाच्या एका कपाएवढा. दोन किलो चरबी जाऊन दोन किलो स्नायू आले तर शरीराचं आकारमान जेमतेम दोन कप चहाने घटतं. मग पॅन्ट सैल का होते? कारण दोन्हींच्या जागा वेगळ्या आहेत. चरबी पोटावरून जाते आणि स्नायू मांड्या, कुल्हे, पाठ, खांद्यांवर पसरून चढतो. शिंप्याला ते लगेच कळतं.

आता हिशेबातला सर्वात महत्त्वाचा भाग, ज्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. वजन स्थिर आहे म्हणजे खाणं आणि खर्च सारखा आहे असं आपण धरून चालतो. पण एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. एक किलो स्नायूचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतं, त्यामुळे त्यात हजार-बाराशे किलोकॅलरींपेक्षा फारशा नसतात. समजा बारा आठवड्यांत कोणी दोन किलो चरबी घालवली आणि दोन किलो स्नायू कमावले. काटा शून्य फरक दाखवेल. पण शरीराच्या साठ्यातून सुमारे १३,००० किलोकॅलरी कमी झालेल्या असतील, म्हणजे दिवसाला दीडशेच्या आसपास. तो माणूस रोज दीडेक पोळीएवढी तूट काढत होता आणि काट्याला त्याचा पत्ताही नव्हता. 'वजन उतरत नाही, म्हणजे माझं काहीतरी चुकतंय' असं म्हणून जी बाई तिसऱ्या महिन्यात हात टेकते, तिला हा हिशेब कोणी तरी समोर बसून सांगायला हवा.

हे कागदावर झालं. प्रत्यक्षात काय दिसतं?

कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाचे रॉबर्ट रॉस यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माझ्या मते या विषयातला तो सर्वात स्वच्छ प्रयोग आहे. ५२ लठ्ठ पुरुषांचे चार गट केले. एका गटाने फक्त खाणं कमी करून वजन उतरवलं, दुसऱ्याने फक्त व्यायामाने. तिसऱ्या गटाने रोज सुमारे ७०० किलोकॅलरी खर्च होईल इतका व्यायाम केला, पण तेवढं खाणं वाढवून वजन मुद्दाम जागच्या जागी ठेवलं. चौथ्याने काहीच बदललं नाही. तीन महिन्यांनी एमआरआयने पोट तपासलं. पहिल्या दोन गटांचं वजन साडेसात किलोंच्या आसपास उतरलं होतं आणि त्यांना फायदा जास्त झाला, हे उघड आहे. पण तिसऱ्या गटाचं वजन मुळीच न बदलता त्यांच्या पोटावरची आणि पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी घटली होती. हीच आतली चरबी मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेते. म्हणजे काटा ज्याला अपयश म्हणत होता, त्याला एमआरआय यश म्हणत होता. आणि व्यायाम कुठला? चालणं किंवा हलकं धावणं. डंबेलसुद्धा नाही.

दुसरा प्रयोग मॅकमास्टर विद्यापीठातला, २०१६ चा. समाजमाध्यमांवर तो फार फिरतो, म्हणून त्याच्या अटी नीट पाहाव्यात. जास्त वजनाच्या ४० तरुण पुरुषांनी चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी खाल्लं आणि आठवड्यातले सहा दिवस कसून व्यायाम केला. ज्यांना किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं मिळाली त्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोंनी वाढलं. ज्यांना किलोमागे १.२ ग्रॅम मिळाली त्यांची ३.५ किलो चरबी गेली, पण त्यांचं चरबीविरहित वजन होतं तेवढंच राहिलं. दोन्ही कामं एकाच वेळी होऊ शकतात, उपाशीपणातही होऊ शकतात, हे यातून ठरलं. पण ती तरुण मुलं होती, जेवण हातात येत होतं आणि सहा दिवस व्यायाम घ्यायला शिक्षक उभा होता. नोकरी, लोकल आणि घरचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या माणसाने हे आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत.

सामान्य माणसाला लागू पडेल असा अंदाज त्यापेक्षा बराच खाली आहे. केवळ ताकदीच्या व्यायामाने किती चरबी जाते याचे अनेक अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये एक विश्लेषण झालं. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत शरीरातल्या चरबीचं प्रमाण सरासरी दीड टक्क्याने कमी, चरबीचं वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर कमी. दुसऱ्या एका आढाव्यात, २०१२ च्या, दहा आठवड्यांत सुमारे १.४ किलो चरबीविरहित वजन वाढतं आणि १.८ किलो चरबी जाते असा अंदाज दिला आहे. खरं उत्तर या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठेतरी, माणसागणिक वेगळं. तीन महिन्यांत 'कायापालट' विकणाऱ्या जाहिरातींपासून हे फार दूर आहे, पण शून्यापासूनही दूर आहे.

कोणाला जास्त साधतं, यावर मात्र फारसा वाद नाही. ज्याने कधी ताकदीचा व्यायाम केलेला नाही, ज्याने पूर्वी केला होता आणि मध्ये वर्षानुवर्षं सोडला, आणि ज्याच्या अंगावर चरबी जास्त आहे, अशा तिघांना. अनेक वर्षं तालमीत घालवलेल्या मल्लाला ते अवघड जातं, कारण त्याच्या स्नायूंना वाढायला जागा थोडी उरलेली असते. म्हणजे हा लाभ सर्वात जास्त त्यालाच आहे, जो 'आपल्याला आता काय जमणार' असं म्हणतो.

हीच गोष्ट उलट्या दिशेनेही घडते, आणि ती जास्त घडते. चाळिशीतल्या कितीतरी बायका सांगतात, 'वजन लग्नापासून फारसं बदललं नाही, पण अंग वेगळंच झालंय.' त्यांचं म्हणणं मनाचे खेळ म्हणून उडवून लावलं जातं. अमेरिकेत हजारो स्त्रियांचा रजोनिवृत्तीच्या वर्षांतून पाठपुरावा करणाऱ्या 'स्वान' या अभ्यासाने २०१९ मध्ये त्यांची बाजू खरी ठरवली. रजोनिवृत्तीकडचं संक्रमण सुरू झालं की चरबी वाढण्याचा वेग दुप्पट होतो आणि स्नायूंचा भाग घटू लागतो. शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षं हे चालतं. आणि वजनाची रेघ? ती पूर्वीच्याच संथ चढाने जात राहते, या वळणावर तिला झटका बसत नाही. चरबीची भर आणि स्नायूंची गळती काट्यावर एकमेकींना झाकतात.

भराभर वजन उतरवण्यातही हाच धोका दडलेला आहे. नुसतं उपाशी राहून घालवलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो आणि पुढे वजन परत आलं की ते मुख्यतः चरबीच्या रूपाने येतं. अशा दोन फेऱ्या झाल्या की काटा मूळ जागी, पण माणूस आधीपेक्षा दुबळा. आता भारतात आलेल्या वजन उतरवणाऱ्या साप्ताहिक इंजेक्शनांबाबतही हे लक्षात ठेवायला हवं. त्यांच्या चाचण्यांत उतरलेल्या वजनाचा साधारण पाव ते दोन पंचमांश भाग चरबीविरहित होता. तो सगळा स्नायूच असतो असं नाही, त्यात पाणीही असतं. तरी साठीच्या माणसाला सुई देताना ताकदीच्या व्यायामाविषयी आणि प्रथिनांविषयी अवाक्षर न काढणं मला निष्काळजीपणाचं वाटतं.

आणि मग आपण पुण्याकडे परत येतो, कारण हा प्रश्न इथे सर्वात तीव्र आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथे जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिथल्यांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांनी लहान होती, पण सारखी लहान नव्हती. पोटाचा घेर आणि स्नायू यांत तूट सर्वात मोठी, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली. 'हडकुळं पण चरबीयुक्त भारतीय बाळ' ही कल्पना २००३ च्या या निबंधातून जगभर गेली. म्हणजे बारीक हातपाय आणि सुटलेलं पोट ही जी शरीरयष्टी आपल्याला प्रत्येक लग्नाच्या पंगतीत दिसते, तिचा पाया काही अंशी आईच्या पोटातच घातला जातो.

म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ बीएमआयवर धरतात आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८० सेंटिमीटर आहे. पण माझ्या मते सीमारेषा खाली ओढल्याने अर्धंच काम होतं. ज्याचं वजन मुळातच कमी आणि स्नायूही कमी, त्याला 'वजन उतरव' हा सल्ला अपुरा आहे. त्याच्याकडे उतरवण्यासारखं वजन थोडं आणि कमावण्यासारखे स्नायू पुष्कळ. काटा न हलवता चरबी घालवणं ही व्यायामशाळेतल्या हौशी पोरांची भाषा वाटते खरी, पण ती सर्वात जास्त कोणाला लागू पडत असेल तर ५८ किलोच्या, पोट सुटलेल्या, साखर काठावर आलेल्या मराठी कारकुनाला आणि त्याच्या बायकोला.

याला आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ मधल्या प्रयोगात टाइप-२ मधुमेह असलेली, पण बीएमआय २५ च्या आत असलेली १८६ माणसं घेतली होती, बहुसंख्य आशियाई वंशाची. नऊ महिने एका गटाने ताकदीचे व्यायाम केले, एकाने चालणं-सायकल असे दमाचे, एकाने दोन्ही मिळून. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ताकदीच्या गटात दमाच्या गटापेक्षा जास्त उतरलं. आणि चरबीच्या मानाने स्नायूंचा भाग जितका वाढला, तितकी साखर सुधारली. बारीक मधुमेह्याला आपण इतकी वर्षं फक्त 'रोज चाला' एवढंच सांगत आलो. चालणं सोडू नये, पण तेवढ्यावर थांबूही नये.

ताकदीचा व्यायाम ही आपल्याकडे परकी गोष्ट नव्हती. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब ही सगळी शरीराचा किंवा लाकडाचा भार उचलण्याचीच साधनं. कोल्हापूर-सांगलीकडे गावोगाव तालीम असायची. पण तालीम पुरुषांची होती. बायकांच्या वाट्याला जातं, उखळ-मुसळ आणि विहिरीचं पाणी आलं, आणि त्या कष्टाच्या जोडीला अर्धपोट. त्या दिवसांचा गौरव करावा असं मला वाटत नाही. पण आज बैठ्या घरातल्या बाईच्या स्नायूंवर भार पडेल असं काहीही दिवसात उरलेलं नाही, आणि जिममध्ये गेलीच तर तिला ट्रेडमिलवर उभं करून सोडून देतात. 'वजनं उचलली तर पुरुषासारखी दिसशील' ही भीती तर आयुष्यात कधी वजन न उचललेल्या माणसांनीच पसरवलेली आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला किंवा ओट्याला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या पिशव्या उचलणं, आणि ते सोपं वाटू लागलं की भार वाढवणं. सुरुवात एवढीच असते. भार वाढवणं हा यातला जीव आहे. वर्षभर तीच दोन किलोची डंबेलं फिरवून स्नायू वाढत नाही.

ताटाचा विचार केल्याशिवाय मात्र हे सगळं लंगडं राहतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रौढांसाठी शरीराच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. स्नायू कमावायचे तर १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ७० ते ९५ ग्रॅम लागतात. सकाळी कांदेपोहे, दुपारी पोळी-भाजी, वाटीभर पातळ वरण आणि भात, चहाबरोबर बिस्किटं, रात्री पुन्हा तेच. यात शिफारशीचाच आकडा मुश्किलीने गाठला जातो. वाटीभर वरणात पंचवीस-तीस ग्रॅम डाळ असते आणि तिच्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिनं येतात, जास्त नाही. उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. घट्ट वरण, मोड आलेल्या मटकीची उसळ, पिठलं, फुटाणे, दही, अंडी, सोयाबीनच्या वड्या. कोकण-गोव्याकडे तर बांगडा आहेच, शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं देणारा. ताटात पोळ्या दोनाने कमी आणि उसळ दुप्पट एवढा बदल महागडा नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

आता ओळखायचं कसं? इथे काट्याची आणखी एक लबाडी आडवी येते, पाण्याची. स्नायूंत आणि यकृतात मिळून अर्ध्या किलोच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. दोन दिवस भात-पोळी सोडली की दीड-दोन किलो 'उतरतात', लग्नाला जाऊन आलं की परत येतात. नवा व्यायाम सुरू केला की स्नायू पाणी धरतात, म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चरबी जात असूनही काटा हलत नाही किंवा वरच जातो. शरीरातलं पाणी किती हट्टी असतं ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये सगळ्या देशाने पाहिलं, कुस्तीपटू विनेश फोगाट ५० किलोच्या गटात शंभर ग्रॅमसाठी अंतिम लढतीतून बाहेर गेली तेव्हा. म्हणून 'काटा स्थिर आहे, नक्कीच स्नायू वाढत असणार' असं समाधान पहिल्या महिन्यात कोणी करून घेऊ नये. बेरजेत दोन नव्हे, तीन रकमा आहेत.

घरी उभं राहून चरबीचे टक्के सांगणारे काटे पायातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतात. तांब्याभर पाणी प्यायलं, घाम गाळला, तरी आकडा बदलतो. रोज एकाच वेळी, अनशापोटी मोजून दोन-तीन महिन्यांचा कल पाहायचा, एवढाच त्यांचा उपयोग. डेक्सा पुष्कळ नेमकं आहे आणि मोठ्या शहरांत मिळतं, पण दर महिन्याला करण्याची ती गोष्ट नाही. मोजण्याची टेप सर्वात भरवशाची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, महिन्यातून एकदा. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी दोरी घ्यावी, ती मधोमध दुमडावी आणि कमरेभोवती फिरवावी. टोकं जुळली नाहीत तर पोटाची चरबी जास्त आहे असं समजावं. ब्रिटनमधल्या मार्गरेट ॲशवेल यांनी पुढे आणलेली ही युक्ती शाळेतल्या मुलालाही जमते. आणि ताकद मोजावी: आधार न घेता किती वेळा उठता येतं, दळणाचा डबा किती लांब नेता येतो.

या सगळ्यावरून 'वजन उतरवायची गरजच नाही' असा अर्थ काढणारे आहेत, आणि त्यांना थांबवायला हवं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या प्रयोगात ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलं, त्यांतल्या ८६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधांविना आटोक्यात आला. इतका मोठा परिणाम काटा स्थिर ठेवून आजवर कोणी दाखवलेला नाही. त्याच गटाच्या रॉय टेलर यांनी पुढे बीएमआय २७ च्या आतल्या वीस मधुमेह्यांवर हाच उपाय करून पाहिला. वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि त्यांतल्या चौदा जणांचा मधुमेह मागे हटला. म्हणजे बारीक दिसणाऱ्या माणसालाही यकृतातली चरबी घालवण्यासाठी कधी कधी वजन उतरवावं लागतं. ९५ किलोच्या माणसाने गुडघे दुखत असताना 'माझं आतून बदलतंय' म्हणत वर्ष घालवू नये. आणि स्नायू वाढले की बसल्या बसल्या भरमसाठ कॅलरी जळतात, हेही खरं नाही. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला तेरा-चौदा किलोकॅलरीच खर्च करतो. त्याचं मोल वेगळं आहे. जेवणानंतर रक्तातली साखर मुख्यतः तोच आत घेतो, आणि म्हातारपणी पडण्यापासून तोच सावरतो.

माझ्या मावशीने अठ्ठावन्नाव्या वर्षी हा ताकदीचा व्यायाम सुरू केला. फेब्रुवारीत ६१ किलो, जूनमध्ये ६१ किलो. मधल्या काळात तिने दोनदा माझ्याकडे तक्रार केली आणि दोनदा मी तिला तेरा हजार किलोकॅलरींचा हिशेब सांगितला. तिला तो पटला की नाही माहीत नाही, पण तिने व्यायाम सोडला नाही. जूनच्या शेवटी भाचीच्या साखरपुड्यासाठी तिने गेल्या वर्षीचा ब्लाउज घातला तेव्हा तो बरगड्यांखाली लोंबत होता. ती शिंप्याकडे गेली. त्याने टेप लावली, जुन्या वहीतलं माप काढलं, दोन्ही पाहिलं आणि विचारलं, 'ताई, आजारी होता का?' नाही म्हटल्यावर त्याने पुन्हा मापं घेतली. दंड होता तेवढाच. खालचा घेर दीड इंच आत घ्यावा लागला. आतली माया कापू का म्हणून त्याने विचारलं, तेव्हा तिने कापायला सांगितली.